सगळे जेवले का?

जगदाळे सर सॉफ्टवेअरला जेवणाचं विचारायचे. आमच्यापैकी कोणी कोडमधली एखादी ओळ बदलली, मग ती कितीही बारीक असो, की मागच्या टेबलावरून प्रश्न यायचा, "सगळे जेवले का?" नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, किती मायाळू माणूस, नव्या मुलीची विचारपूस करतोय. मी म्हटलं, हो सर, डबा आणला होता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, तुमचं नाही विचारलं मंजूताई, मंडी, शाळा, कोल्ड स्टोरेज, सगळे जेवले का? ऑफिसभर हशा पिकला. त्या ऑफिसात लाजेने मान खाली घालायची ती माझी पहिली वेळ. पुढे तिची सवय झाली.

ऑफिस देवासला होतं, बस स्टँडजवळच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. साल दोन हजार पाच-सहाच्या आसपासचं असेल. मालक पवन भिया. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक कळत होतं. आडत्यांचा हिशेब, शाळेची फी, कोल्ड स्टोरेजमधली बटाट्याची पोती, मिठाईवाल्याचं बिल, अशी छोटी छोटी सॉफ्टवेअरं आम्ही करायचो आणि सोनकच्छपासून धारपर्यंत विकायचो. करायचो म्हणजे जगदाळे सर करायचे. आम्ही बाकीचे त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला होतो.

आता जेवणाचं सांगते. इतर ठिकाणी प्रत्येक सॉफ्टवेअरचा कोड वेगळा ठेवतात. मंडीचं मंडीपाशी, शाळेचं शाळेपाशी. सरांनी सगळ्यांना एकाच जागी ठेवलं होतं. तिला जगात रिपॉझिटरी म्हणतात, सर तिला 'घर' म्हणायचे. जे काम सगळ्यांना लागतं ते एकदाच लिहायचं, घरात मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं. त्या मधल्या भागाचं नाव त्यांनी ठेवलं होतं माजघर. पासवर्ड विचारणारी ती ओसरी, मालाचा साठा मोजणारी ती कोठी. आणि ज्याला सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही ते देवघर. आमच्यातले हिंदी भाषक बिचारे दिवसभर 'माजघर में एरर है' असं म्हणत बसायचे. माजघरातली एक ओळ बदलली की सगळीच सॉफ्टवेअरं नव्याने बांधून बघावी लागत, कारण सगळ्यांच्या ताटात तेच वाढलेलं. ती सगळी बिनतक्रार उभी राहिली की सरांच्या भाषेत सगळे जेवले. मग सर आपला मेसचा डबा उघडायचे. एखादं जरी अडलं तरी डबा तसाच बंद. बटाट्याच्या पोत्यांपायी दुपारचं जेवण दिवेलागणीला करताना मी त्यांना कितीदा पाहिलं आहे.

पवन भिया अधूनमधून सुचवून बघायचे की साब, सगळं वेगवेगळं का नाही ठेवत? की सरांचा पारा चढलाच. मग ते थेट देवासच्या इतिहासात शिरायचे. देवासला दोन भावांनी राज्य वाटून घेतलं होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एवढंसं गाव, त्याला राजे दोन, दरबार दोन, रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल आणि त्या बाजूला दुसऱ्याचा. ही गोष्ट सांगताना सर असे लाल व्हायचे की जणू वाटणी काल संध्याकाळीच झाली आणि त्यांना कोणी विचारलंच नाही. "आपल्याकडे पात्या नाहीत," ते शेवटी म्हणायचे, "एक घर, एक चूल." पवन भिया हात जोडून खाली खताच्या दुकानात निघून जायचे.

या एका चुलीने मला कुठे कुठे तोंड लपवायला लावलं, ते मी जन्मात विसरणार नाही. एकदा एका शाळेने मुलांचे वाढदिवस पडद्यावर हवेत असं सांगितलं. सरांच्या मते एक पदार्थ केला की पंगतीत सगळ्यांना वाढायचा. त्यांनी वाढदिवस माजघरात टाकला. पुढच्या आठवड्यात आम्ही सोनकच्छच्या मंडीत गेलो तेव्हा आडत्याने माझ्यासमोर पडदा फिरवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बेनजी, ये मशीन गेहूँ का जनमदिन पूछ रई है." भोवतीचे शेतकरी हसून हसून पोत्यांवर बसले. मला वाटलं धरणी दुभंगावी. सर मात्र त्याला समजावत होते की ही सोय तुम्हांला फुकट मिळाली आहे, ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

सर एकटे होते. लग्न केलेलं नव्हतं, टेकडीच्या पायथ्याशी एक खोली भाड्याने घेतली होती. मूळचे धारचे, एवढं ठाऊक होतं. पण धारला त्यांचं कोण आहे, हे विचारलं की ते कोडकडे वळायचे. धारला आमचे एक-दोन ग्राहक होते. त्यांच्याकडे नवी सीडी पाठवायची असली की सर ती वर्तमानपत्रात गुंडाळून बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. इंदूरला बस बदलायची, मग दुसऱ्या कंडक्टरला विनवायचं, आणि धारच्या स्टँडवर ग्राहकाचा माणूस येऊन घ्यायचा. स्वतः कधी गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, सर, तुमचं गाव आहे, तुम्हीच जाऊन या की. तर म्हणाले, सीडी जाते ना, पुरे झालं.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधी मिठाईवाल्याने एक साधी मागणी केली. बिलाच्या खाली 'धन्यवाद, पुनः पधारें' असं छापून यावं. सरांना ही ओळ फार आवडली. बिल आणि पावती छापायचं काम माजघरातच होतं. त्यांनी ओळ तिथे टाकली, आम्हांला विचारलं, सगळे जेवले का? आम्ही एकेक सॉफ्टवेअर उभं करून पाहिलं आणि म्हटलं, जेवले. सगळ्यांना सीड्या गेल्या. मंडीवाले खूश. शाळेच्या फीच्या पावतीवरही ती ओळ आली, तीही कोणाला खटकली नाही. आम्ही कोड चालतो की नाही एवढंच बघितलं होतं. कागद काढून वाचला नव्हता कोणी.

आमच्या यादीतला शेवटचा ग्राहक होता धारच्या मुक्तिधामाची समिती. चितेची लाकडं, गोवऱ्या, तूप यांची पावती आमच्या सॉफ्टवेअरवर निघायची.

फोन मी उचलला. समितीचे सचिव एक निवृत्त मास्तर होते, अतिशय सभ्य माणूस. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, आपकी रसीद लोगों से एक ऐसी विनती कर रही है, जो हम नहीं कर सकते." मग त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दिवाळीपासून निघालेल्या सगळ्या पावत्यांवर ती होती.

पवन भिया आधी पोट धरधरून हसले. मग त्यांना पुढच्या ग्राहकाचा विचार सुचला आणि त्यांचा चेहरा बदलला. ते वर आले, सरांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, बहुत हो गया साब, सोमवारपासून सगळं वेगळं करा. मंडी वेगळी, शाळा वेगळी, मुक्तिधाम वेगळं. एकाच्या घरातलं दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये.

आम्हांला वाटलं आता थोरली पाती आणि धाकटी पाती निघणार. पण सरांनी ती ओळ काढली, सगळी सॉफ्टवेअरं पुन्हा उभी केली आणि कोणाला काही विचारलं नाही. डबा न उघडता पिशवीत ठेवला. जाताना म्हणाले, "करा वेगळं. माझंच चुकलं." इतकी वर्षं ज्या घरासाठी या माणसाने गिऱ्हाइकांशी भांडणं केली, ते त्याने दोन वाक्यांत सोडून दिलं. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर धारला निघाले. पहिल्यांदाच. त्यांना ती पावती गेलेल्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागायची होती आणि ती ओळ नसलेली नवी, कोरी पावती द्यायची होती. पवन भियांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, तूही जा, साब तिथे काहीतरी बोलून बसतील. म्हणून मी गेले. सबंध रस्ताभर सर मांडीवर पावत्यांचं पाकीट घट्ट धरून बसले होते.

मुक्तिधामाच्या कचेरीत मास्तरांनी आम्हांला चहा दिला, हेच माझ्या अंगावर आलं. कुठे कुठे जायचं ते त्यांनी तोंडी सांगितलं. शेवटी म्हणाले की एक तर तुमच्याच आडनावाचे आहेत, तलावापलीकडचे बडे जगदाळे, मागच्या आठवड्यात त्यांची पत्नी शांत झाली, तुमचे कोणी लागतात का? सर म्हणाले, "हो." हिंदीत विचारलेल्याला त्यांनी मराठीत उत्तर दिलं होतं. मग त्यांनी कप खाली ठेवला, बशीत नाही, टेबलावरच, आणि उठले. मीही त्यांच्यामागे उठले. विचारायचा धीर झाला नाही.

आधी बाकीची घरं झाली. दारात उभं राहून सर एकच हिंदी वाक्य म्हणायचे, रस्त्यात घोकून घोकून तयार केलेलं, "हमारी मशीन से एक ग़लती हो गई थी, हम क्षमा माँगने आए हैं." एका घरी एक म्हातारे होते. त्यांनी पावती नीट वाचली आणि म्हणाले, इसमें ग़लत क्या है, पधारना तो सबको है. एवढ्यावरच सुटलो असतो तर काय हवं होतं. दुसऱ्या घरातल्या बाईंना पावतीवर काय आहे ते माहीतच नव्हतं. घडी घालून ठेवून दिली होती. सरांनी ती शोधायला लावली, त्यांनी शोधली, उभ्या उभ्या वाचली आणि दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागल्या. ज्याचा त्यांना पत्ता नव्हता ते आम्ही परगावाहून येऊन त्यांना वाचायला लावलं होतं. मी सरांची बाही धरून त्यांना बाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, सर, पुरे आता, परत जाऊ. ते म्हणाले, एक राहिलंय.

पण लगेच निघाले नाहीत. तलावाच्या काठावर एका बाकावर बसले आणि पाण्याकडे बघत सांगू लागले. तलावापलीकडचे जगदाळे म्हणजे त्यांचे सख्खे दादा. आई लहानपणीच गेली, सरांना वैनीसाहेबांनी वाढवलं. घरात माणसं पुष्कळ, येणारे-जाणारे त्याहून जास्त. वैनीसाहेब सगळ्यांचं झाल्याशिवाय पान घ्यायच्या नाहीत. रोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायच्या, सगळे जेवले का?

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. देवासला क्लास काढायचा होता, यंत्रं घ्यायची होती. दादा म्हणाले, नोकरी धर. सरांनी वाटणी मागितली. "मीच मागितली हो," ते मला म्हणाले, "कोणी मला काढलं नाही." घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्यांच्या अर्ध्या भागाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते तिथेच राहिले, स्टोव्हवर भात शिजवून खात. पहिल्या रात्री भिंतीपलीकडून नेहमीचा आवाज आला, सगळे जेवले का? आवाज मुद्दाम मोठा केलेला होता, इकडे ऐकू यावा म्हणून. "मी उत्तर दिलं नाही," सर म्हणाले. "रागाने नाही. लाज वाटली. मग रोज वाटत गेली." आणि देवासला गेल्यावर त्या लाजेपायीच ते कधी परतले नाहीत.

मला एकदम ऑफिसातले आमचे हसणारे चेहरे आठवले. त्या प्रश्नाची नक्कल आम्ही सगळेच करायचो. मी सर्वांत चांगली करायचे.

घर सापडायला वेळ लागला नाही. अर्ध्या भागात आता टेंट हाउसचं गोदाम होतं, खुर्च्यांच्या चळती आणि गुंडाळलेले गालिचे बाहेरपर्यंत आलेले. उरलेल्या अर्ध्या भागाच्या ओसरीवर दादा बसले होते. सरांचाच चेहरा, थोडा अधिक वाळलेला. दाढी वाढलेली. सर पायरीखाली थांबले. पाकिटातून पावती काढली. आणि आपल्या सख्ख्या भावासमोर उभे राहून त्यांनी तेच वाक्य सुरू केलं, "हमारी मशीन से एक ग़लती हो गई थी..."

पुढे त्यांना जाता येईना. मी पायांकडे बघत उभी होते. मग दादा बोलले ते धारच्या जुन्या घरांत बोलतात त्या मराठीत. त्यांनी सांगितलं की कळवायचं राहून गेलं. धाकट्या चुलतभावाला वाटलं मुलांनी कळवलं, मुलांना वाटलं त्याने कळवलं. बोलताना त्यांनीही मान वर केली नाही. म्हणजे त्या ओसरीपाशी आम्ही तिघं होतो आणि तिघंही जमिनीकडे बघत होतो.

सरांनी नवी पावती पुढे केली. दादा म्हणाले, "जुनी असू दे. तिला वाचून दाखवली असती तर हसली असती."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते म्हणाले, "मुली, राग मानू नको, तुला पाणीसुद्धा विचारता येत नाही. सुतकाचं घर आहे." मी म्हटलं, मला माहीत आहे, आम्ही निघतोच. सरही वळले. परक्याने सुतकाच्या घरी खायचं-प्यायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

"तू कुठे निघालास?" दादा म्हणाले. "तुला सुतक नाही का? आत ये. पानं मांडली आहेत."

सर वळलेले होते तसेच थांबले. देवासला बसून हा माणूस आठवडाभर सुतकात होता आणि त्याला ठाऊक नव्हतं. घराची वाटणी झाली होती, भिंत उभी राहिली होती, भिंतीपलीकडे खुर्च्या रचल्या होत्या, पण सुतकाची वाटणी कोणी केलेली नव्हती. त्यांनी चपला काढल्या. पावत्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि पायऱ्या चढून आत गेले.

मी बाहेर ओट्यापाशी उभी राहिले, बसची चौकशी कोणाकडे करावी म्हणून. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी बाईमाणूस म्हणालं, काका, बसा ना. तेवढ्यात सरांचा आवाज आला. ऑफिसात असायचा तसा खणखणीत नव्हता, पण मोठा होता, पलीकडच्या खोलीपर्यंत जावा असा.

"सगळे जेवले का?"

भांडी थांबली. आत कोणीतरी हुंदका दिला. मग दादांचा आवाज आला, नाही अजून, तू बस.

मी एकटीच परत आले. सोमवारी पवन भिया वर आले आणि म्हणाले, साब नाहीत तर तू कर, आज सगळं वेगळं करून टाक. मी म्हटलं, भिया, सरांच्या घरी सुतक आहे, तेराव्यापर्यंत ते येत नाहीत, आणि आमच्यात सुतकात वाटण्या करत नाहीत. असा काही नियम आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही. पवन भियांनी मात्र चटकन कानाला हात लावला, म्हणाले, ना ना, मग राहू दे, आणि खाली गेले. मी प्रत्येक सॉफ्टवेअरची एक-एक पावती छापून काढली आणि सगळ्या वाचल्या. दुपार टळून गेली होती. मग मी माझा डबा उघडला.